वावड्याचा इतिहास

मराठी भाषेंत 'वावडें' हा मोठा सोयीचा शब्द आहे. वांग्याची भाजी ज्याला आवडत नाहीं त्यालाही वांग्याचें वावडें असतें, ती खाल्ली असतां ज्याच्या अंगाला खाज सुटते त्यालाही असतें, आणि कामाचें वावडें असणारे गृहस्थ तर प्रत्येक आळींत एक-दोन सांपडतात. बोलण्याच्या सोयीसाठीं ही सैलपणा ठीक आहे. परंतु ज्या घरांत एखाद्या मुलाचे ओंठ काजूचा एक तुकडा खाल्ल्याबरोबर सुजूं लागतात, त्या घरांत तो महाग पडतो. या एका शब्दाच्या पोटांत तीन-चार निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या आहेत, आणि त्यांतून एक गोष्ट वेगळी काढून दाखविण्यास वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाचा बराच मोठा भाग खर्चावा लागला. त्या शोधाची हकीकत येथें सांगावयाची आहे.

नाशिककरांस हा भेद समजावून घेण्याकरितां फार दूर जावयास नको. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या डोंगराळ भागांत वरी पिकते, आणि जिल्ह्यांतील गिरण्यांत ती सडून तिची भगर होते. महाशिवरात्र किंवा नवरात्र आलें कीं महाराष्ट्रांतील कोणत्या ना कोणत्या गांवीं भगर खाऊन माणसें आजारी पडल्याचें वृत्त येतें. चक्कर, ओकाऱ्या, हातापायांस कंप, असा एकंदर प्रकार असतो. लोक म्हणतात, भगर 'बाधली'. परंतु ही बाधा बहुधा दमट जागीं ठेवलेल्या दाण्यास लागलेल्या बुरशीच्या विषाची असते, आणि ज्यानें ज्यानें ती पोटभर खाल्ली तो तो तिच्या तडाख्यांत सांपडतो. विष पंक्तिप्रपंच करीत नाहीं. वावडें मात्र करितें. शंभर पानांच्या पंक्तींत नव्याण्णव माणसें तेंच अन्न जेवून तृप्त होऊन उठतात, आणि शंभराव्याचा श्वास कोंडूं लागतो. दुधाचें आणखी तिसरेंच. दूध प्यालें कीं पोट फुगतें अशी तक्रार करणारे पुष्कळ प्रौढ आढळतात. त्यांच्या आंतड्यांत दुधांतील साखर पचविणारा रस कमी पडलेला असतो, एवढेंच. त्यांना त्रास होतो हें खरें, पण त्यानें जीव जात नाहीं. ज्या बालकाचें शरीर दुधांतील प्रथिनांशींच युद्ध मांडतें, त्याची गोष्ट अगदीं निराळी.

आपल्या जुन्या वैद्यांस यांतील काय ठाऊक होतें, हा प्रश्न मराठी वाचकांच्या मनांत प्रथम येतो. चरकसंहितेंत सात्म्य आणि असात्म्य हा विचार वारंवार आला आहे. अन्न चांगलें कीं वाईट एवढेंच न पाहतां तें कोणाला मानवतें हें पाहावें, असा त्याचा आशय. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायांत दूध व मासे यांसारख्या विरुद्ध आहाराची लांबलचक चर्चा आहे. माधवनिदानांत शीतपित्त, उदर्द व कोठ यांचें एक स्वतंत्र प्रकरण असून, अंगावर उठणाऱ्या गांधी गांधीलमाशीच्या दंशासारख्या दिसतात, अशी उपमा त्यांत दिली आहे. निरीक्षण किती बारीक होतें पाहा! कारण गांधीलमाशीच्या दंशानें आणि वावड्यानें उठणाऱ्या गांधीमागें बरीचशी एकच रासायनिक क्रिया आहे, हें आज सिद्ध झालें आहे. परंतु माधवकरानें कारण म्हणून सांगितला तो थंड वारा. तेव्हां 'हें सारें आमच्या ग्रंथांत आधींच होतें' अशी हांक मारण्यांत अर्थ नाहीं. लक्षण त्यांनीं ओळखलें, व्यक्तिभेद ओळखला; शरीरांतील यंत्रणा ओळखण्याचीं साधनें त्या काळीं कोणाजवळच नव्हतीं. ग्रीक वैद्यांचीही हीच स्थिति होती. चीज एकाला पुष्टि देतें आणि दुसऱ्याला आजारी पाडतें, एवढें हिपोक्रेटीसच्या परंपरेंतील ग्रंथकारानें नमूद केलें आणि तो पुढें गेला.

खरी गोष्ट सुरू झाली ती समुद्रावर. इ. स. १९०१ मध्यें मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रांतील दंश करणाऱ्या प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करीत होते. फ्रान्सला परतल्यावर त्यांनीं समुद्रपुष्प नांवाच्या प्राण्याचें विष कुत्र्यांस टोचून पाहिलें. अपेक्षा अशी होती कीं, देवीच्या लसीप्रमाणें थोड्या विषानें शरीर तयार होईल आणि पुढील विष पचवील. नेपच्यून नांवाचा एक धट्टाकट्टा कुत्रा पहिल्या डोसांतून सहज निभावला. सुमारें तीन आठवड्यांनंतर त्याला पुन्हां तेवढेंच विष टोचलें, आणि तो २५ मिनिटांत मेला. पहिल्या भेटीनें शरीर बळकट व्हावयाचें तें उलट घातकी बनलें होतें. या उलट्या न्यायाला रिशेनें १९०२ मध्यें 'ॲनाफिलॅक्सिस' असें नांव दिलें. संरक्षणाच्या उलट, असा त्याचा भावार्थ. या शोधाबद्दल रिशेला १९१३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याच सुमारास व्हिएन्नांत क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे बालरोगवैद्य दुसऱ्याच एका कोड्यांत पडले होते. घटसर्पावर घोड्याच्या रक्तापासून काढलेली लस देत, तेव्हां कांहीं मुलांस ताप येई, सांधे दुखत, अंगावर पुरळ उठे. आणि दुसऱ्यांदा लस दिली असतां हेंच सर्व अधिक लवकर व अधिक जोरानें होई. १९०६ मध्यें पिर्केनें या बदललेल्या प्रतिक्रियेला 'ॲलर्जी' हा शब्द घडविला. मुंबईस परळच्या हाफकिन संस्थेनें पुढें सर्पविषावरील ज्या लसी तयार केल्या त्याही घोड्याच्याच रक्तापासून. म्हणून पावसाळ्यांत सर्पदंशाचा रोगी आला कीं ती लस देतांना डॉक्टर ॲड्रेनॅलिन हाताशीं भरून ठेवितात. शब्द व्हिएन्नाचा, पण त्याची प्रचीति आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांतही येते.

अन्नाच्या वावड्याचा निर्णायक प्रयोग मात्र १९२१ सालीं ब्रेस्लौ येथें झाला, आणि तो इतका साधा होता कीं कोणाही सुशिक्षितास समजावा. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टराला मासे चालत नसत. त्याचा सहकारी कार्ल प्राउसनिट्झ याला गवताच्या परागांनीं शिंका येत, पण मासे खुशाल चालत. प्राउसनिट्झनें क्युस्टनरच्या रक्तांतील पाण्यासारखा भाग घेऊन आपल्या पोटाच्या कातडींत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोचला, आणि त्या जागीं मोठी गांधी उठली! शेजारच्या कातडीला कांहींच झालें नाहीं. म्हणजे क्युस्टनरचें वावडें त्याच्या मनांत नव्हतें, पोटांतही नव्हतें; तें त्याच्या रक्तांत होतें, आणि एखादी वस्तु उसनी द्यावी तसें तें दुसऱ्यास देतां येत होतें. अन्नाच्या वावड्याला लोक लहरीपणा किंवा नाजुकपणा समजत. त्या समजुतीला हें सर्वांत सरळ उत्तर होतें. पुढें कित्येक वर्षें ही परीक्षा सर्वत्र प्रचारांत होती. परक्याच्या रक्ताबरोबर काविळीसारखे रोग जाण्याचा धोका ध्यानांत आल्यावर ती बंद पडली.

रक्तांतील हा गूढ पदार्थ नेमका कोणता, हें कळण्यास आणखी ४५ वर्षें लागलीं. १९६६ मध्यें अमेरिकेंत डेन्व्हर येथें काम करणाऱ्या किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्यानें तो वेगळा ओळखला. पुढील वर्षीं स्वीडनमध्यें योहान्सन व बेनिख यांस तोच पदार्थ स्वतंत्रपणें सांपडला. आणि १९६८ मध्यें त्याला 'इम्युनोग्लोब्युलिन-ई' हें नांव ठरलें. रक्तांतील हें एक प्रतिपिंड, म्हणजे शत्रूस ओळखून धरणारें प्रथिन होय. जंतांसारख्या परोपजीवींशीं लढण्यासाठीं तें निर्माण झालें असावें, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानितात.

त्याचें काम असें चालतें. एखाद्याचें शरीर शेंगदाण्यांतील प्रथिनाला कांहीं कारणानें शत्रु समजून बसलें, कीं त्या प्रथिनापुरतींच घडविलेलीं ई-प्रतिपिंडें तयार होतात आणि त्वचा, श्वासनलिका व आंतडीं यांतील मास्ट पेशींवर जाऊन बसतात. या वेळीं बाहेर कांहींच दिसत नाहीं. या पेशी १८७८ मध्यें पॉल एर्लिखनें आपल्या प्रबंधांत वर्णिल्या. त्यांतील कण पाहून त्या भरपूर जेवलेल्या आहेत अशी त्याची समजूत झाली, आणि पुष्टतेचा जर्मन शब्द त्यांस चिकटला. ते कण अन्नाचे नसून दारूगोळ्याचे होते. शेंगदाणा पुन्हां पोटांत गेला कीं त्याचें प्रथिन शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांस एकदम जोडतें, आणि पेशी आपलें कोठार मोकळें करिते. त्यांतील मुख्य पदार्थ हिस्टामिन. त्यानें बारीक रक्तवाहिन्या सैलावून झिरपूं लागतात, म्हणून सूज; मज्जातंतु चेतवले जातात, म्हणून खाज; श्वासनलिका आवळतात, म्हणून धाप; आणि हें सर्व शरीरभर एकदम झालें तर रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्ध पडतो. नेपच्यून कुत्र्याचें असेंच झालें होतें.

आपल्या घरीं अंगावर 'पित्त' उठलें कीं आमसुलाचें पाणी चोळण्याची रीत आहे. नुसत्या खाजेपुरतें तें चोळण्यास कोणाची हरकत असणार नाहीं. पण आवाज घोगरा झाला, श्वास अडूं लागला, मूल निस्तेज होऊन मान टाकूं लागलें, तर आमसूल आणि पित्तशामक गोळी यांत घालविलेलीं दहा मिनिटें परत मिळत नाहींत. अशा वेळीं एकच औषध खरें, मांडीच्या स्नायूंत टोचलेलें ॲड्रेनॅलिन. तें शुद्ध स्वरूपांत हातीं आलें १९०१ च्या सुमारास, म्हणजे रिशे समुद्रावर होता त्याच वेळीं. खाज थांबविणाऱ्या गोळ्या नंतर घ्याव्यात. त्या कोसळलेला रक्तदाब उचलीत नाहींत.

याच्या उलट दिशेचा अपराधही आपल्याकडे थोडा होत नाहीं. रक्ताच्या एका तपासणींत शंभर पदार्थांची यादी छापून मिळते, आणि आईबाप भीतीनें मुलाच्या ताटांतून दूध, डाळ, गहूं एकामागून एक काढून टाकितात. कर्नाटकांत बंगळूर व म्हैसूर येथें झालेल्या पाहणीचा निष्कर्ष १९१६ नव्हे, अगदीं अलीकडे, २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. तपासलेल्या प्रौढांपैकीं शेंकडा २६ हून अधिक लोकांच्या रक्तांत कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध ई-प्रतिपिंडें मिळालीं, पण ज्यांस तें अन्न खाऊन खरोखर त्रास होतो असे शेंकडा सव्वाच्या आंतच निघाले. प्रतिपिंड असणें आणि वावडें असणें या दोन गोष्टी एक नव्हेत. खाल्ल्यावर काय होतें, हाच मुख्य पुरावा. रक्ताची तपासणी ही त्याची साक्षीदार.

शेंगदाण्याच्या बाबतींत तर विद्वानांचीच पंचाईत झाली. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २००० सालीं असा सल्ला दिला होता कीं, ज्यांच्या घराण्यांत ॲलर्जी आहे त्या मुलांस तीन वर्षें शेंगदाणा दाखवूं नये. तो २००८ मध्यें मागें घेण्यांत आला. त्याच वर्षीं गिडिअन लॅक व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, इंग्लंडांतील ज्यू मुलांत हें वावडें इस्रायलमधील ज्यू मुलांच्या सुमारें दसपट आहे. आणि इस्रायलमध्यें तर तान्हीं मुलें शेंगदाण्याचा खाऊ चघळीतच वाढतात. मग त्यांनीं ६४० बालकांवर प्रयोग केला, तो २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांना पहिल्या वर्षाच्या आंतच शेंगदाणा सुरू केला त्यांच्यांत पांचव्या वर्षीं वावडें शेंकडा ३ च्या आसपास, आणि ज्यांना तो वर्ज्य केला त्यांच्यांत शेंकडा १७. लॅक यांचें म्हणणें असें कीं, खरजेनें फुटलेल्या कातडीवाटे अन्नाची ओळख झाली तर शरीर तिला शत्रु समजतें, आणि तोंडावाटे झाली तर मित्र. चरकानें संवयीनें मानवूं लागलेल्या आहाराला 'ओकसात्म्य' म्हटलें आहे. त्या शब्दाची येथें आठवण होते, आणि ती होण्यास हरकतही नाहीं. ज्या घरांत साबुदाण्याच्या खिचडींत, कोशिंबिरींत, वांग्याच्या भरलेल्या भाजींत रोज कूट पडतो, तेथें बाळाच्या पेजेंत तो बारीक करून मिसळणें अवघड नाहीं. सबंध दाणा मात्र बाळाच्या हातीं कधीं देऊं नये, तो श्वासनलिकेंत अडकतो. आणि ज्या बाळाला खरजेचा फार उपद्रव आहे त्याला सुरुवात करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

नाशिकास म्हसरूळ येथें १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. चरक शिकणारा आणि इम्युनोग्लोब्युलिन शिकणारा, दोघांच्याही उत्तरपत्रिका त्याच एका कार्यालयाच्या शिक्क्यानें निघतात. या दोन विद्यार्थ्यांनीं मिळून करावें असें एक काम पडून आहे. वेष्टनांतील खाद्यपदार्थांवर वावड्याचे घटक छापण्याचा भारत सरकारचा २०२० चा नियम आहे. त्यांत गहूं व तत्सम धान्यें, दूध, अंडीं, मासे, कोळंबीसारखे कवचधारी जीव, शेंगदाणे, काजू-बदामासारखीं कठीण कवचाचीं फळें, सोयाबीन व सल्फाइट यांचीं नांवें आहेत. ही यादी बव्हंशीं परदेशी अनुभवावर उभी आहे. मुंबईच्या डॉक्टरांनीं १९९० नंतरच्या दशकांत हरभऱ्याच्या वावड्याचे रोगी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविले, आणि म्हैसूरच्या संशोधकांनीं वांग्याच्या वावड्याची पाहणी केली. हीं दोन्हीं नांवें त्या यादींत नाहींत. शेव, फरसाण, पिठलें आणि पुरणपोळी यांच्या देशांत हरभऱ्याचा शोध घेणाऱ्या आईला अजून वेष्टनावरील बारीक अक्षरांतली सगळी घटकांची ओळ वाचावी लागते, आणि मेनरोडवरच्या दुकानांतून कागदाच्या पुडींत आलेल्या चिवड्यावर तर तीही नसते.