उन्हाळ्यातले कल्याण: बंदर हरवले, वाट उरली

१/१४
मे महिन्याच्या सुट्टीत कात्रपमधून सहलीला निघणारी कुटुंबे बहुधा अलिबाग, मुरुड किंवा वसईचा रस्ता धरतात. ऐतिहासिक बंदर पाहायचे तर समुद्रच गाठला पाहिजे, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः बदलापूर स्थानकातून लोकलने अर्ध्या तासाच्या आत गाठता येईल असे एक बंदर आहे. त्याचे नाव पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दींना ठाऊक होते. आज मात्र तेथे बहुतेक जण गाडी बदलण्यापुरतेच उतरतात. हे बंदर म्हणजे कल्याण. त्याचे बंदरपण कोठे गेले आणि ते गेल्यावरही शहर का टिकले, याचा हा मागोवा.

२/१४
आरंभ नदीपासून करावा लागतो. बोरघाटाच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करत कल्याणला पोहोचते आणि तेथून खाडीचे रूप घेऊन वसईकडे जाते. समुद्राच्या भरतीचे पाणी कल्याणपर्यंत चढते. त्यामुळे गलबते आतपर्यंत येऊ शकत. माल येथे उतरे आणि बैलांच्या पाठीवर चढे. पुढे वाटा फुटत: नाणेघाटाने जुन्नर आणि पैठण, थळघाटाने नाशिक, बोरघाटाने पुणे. पाणी जेथे संपते आणि घाटाची वाट जेथे सुरू होते, ते ठिकाण म्हणजे कल्याण. शहराचा पुढचा सगळा इतिहास या एका वाक्याभोवती फिरतो.

३/१४
या व्यापारात उन्हाळ्याला विशेष महत्त्व होते. पावसाळ्यात समुद्र बंद आणि घाट निसरडे. नारळी पौर्णिमेनंतर जलवाहतूक पुन्हा सुरू होई, पण तोवर बंदरात सामसूम असे. म्हणून पावसाआधीचे महिने हे मोसमातील शेवटचे. देशावरून उतरलेले तांडे आणि खाडीतून आलेली गलबते यांना मृगाच्या आत आपापले व्यवहार उरकावे लागत. आजचा पर्यटक ज्या दिवसांत ऊन टाळून घरात बसतो, ते एके काळी या गावाचे सर्वांत धावपळीचे दिवस होते.

४/१४
पहिला ठोस लेखी उल्लेख ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक ग्रंथात मिळतो. पहिल्या शतकातील या व्यापारी मार्गदर्शिकेत भडोच (बारिगाझा) आणि सोपारा यांच्यानंतर ‘कल्लिएना’ येते. थोरल्या ‘सारागानस’च्या काळात हे अधिकृत व्यापारी बंदर झाले, परंतु पुढे ‘सांदानेस’ नावाच्या सत्ताधीशाने त्याची कोंडी केली, असे लेखक नोंदवतो. तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजेसुद्धा पहाऱ्यात भडोचला नेली जात. सारागानस म्हणजे सातकर्णी, असे सामान्यतः मानले जाते. सांदानेस कोण, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

५/१४
ही केवळ प्रवासातील अडचण नव्हती, ते व्यापारी युद्ध होते. भडोचवर क्षहरात क्षत्रपांची सत्ता होती, तर घाटावर सातवाहनांची. कल्याण बंद पडले की नाणेघाटाची वाट सुकली आणि जकात शत्रूच्या खजिन्यात गेली. या संघर्षाचा शेवट नाण्यांवर दिसतो. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती क्षत्रप नहपानाची होती, पण त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. पराभूताचा पैसा विजेत्याच्या नावाने चालू लागला होता.

६/१४
राजे लढत असताना गावातील माणसे काय करत होती? याचे उत्तर कान्हेरीच्या लेण्यांत आहे. तेथील शिलालेखांत कल्याणचे रहिवासी दाते म्हणून येतात. त्यांत व्यापारी आहेत आणि पाण्याचे टाके दान देणारा एक सोनारही आहे. डोंगरावरच्या भिक्षूंना उन्हाळ्यात पाणी मिळावे, याची तजवीज खाडीकाठच्या एका कारागिराने केली. पुढे सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लुस्टिस याने ‘कल्लियाना’ची गणना भारतातील मोठ्या बाजारपेठांत केली आणि तेथे इराणातून नेमलेला ख्रिस्ती बिशप असल्याचेही लिहिले. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे कल्याणच होय.

७/१४
कात्रपहून कल्याणला जाताना वाटेत अंबरनाथ लागते. वालधुनीच्या काठचे तेथील शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे. शिलालेखात शिलाहार राजा माम्वाणीचे नाव आहे. भूमिज शैलीचे हे मंदिर आणि बंदराचा इतिहास सहसा वेगवेगळे सांगितले जातात. पण उत्तर कोकणच्या शिलाहारांचे राज्य मुख्यतः बंदरांचे राज्य होते. ठाणे, सोपारा, चौल या किनाऱ्यावरील उलाढालीशिवाय एवढ्या बारीक कोरीवकामाचा खर्च पेलणे कठीण होते. म्हणून सहलीची सुरुवात अंबरनाथपासून करावी.

८/१४
ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि स्वराज्याला पहिल्यांदा खाडीचे पाणी लाभले. १६५९ च्या पोर्तुगीज कागदपत्रांत या परिसरात युद्धनौका बांधल्या जात असल्याची चिंता उमटते. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे पोर्तुगीज जहाजबांधणीकार होते. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने त्यांना काम सोडायला लावले. कारागीर गेले, तरी आरमार थांबले नाही. परंपरा या आरंभाचे स्थान म्हणून खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याकडे बोट दाखवते.

९/१४
याच कल्याणला एका ‘पर्यटका’ने भर उन्हाळ्यात भेट दिली. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर एप्रिल १६७५ मध्ये मुंबईहून जुन्नरला निघाला. तेथील मोगल अधिकाऱ्याने त्याला उपचारासाठी बोलावले होते. कल्याण तेव्हा महाराजांकडे आणि जुन्नर मोगलांकडे, म्हणजे वाट दोन शत्रूंच्या मधून जाणारी. १६९८ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात तो कल्याणच्या भव्य अवशेषांचे, तळ्यांचे, काठावरील कबरी आणि मशिदींचे वर्णन करतो. त्यांतील काही वास्तूंची धान्याची कोठारे झाली होती आणि सामान्य लोक हलक्या झोपड्यांत राहत होते, असेही तो सांगतो. वैभव आणि युद्धाची झळ, दोन्ही त्याला एकाच दिवशी दिसली.

१०/१४
पेशवाईत कल्याण हे सुभ्याचे ठाणे होते. रामजी महादेव बिवलकर हा तेथील नामांकित सुभेदार. १७५५ मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्धच्या मोहिमेत पेशव्यांच्या बाजूने त्यानेच इंग्रजांशी हातमिळवणी करून कारभार पाहिला. त्या वर्षी सुवर्णदुर्ग पडला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. ज्या सुभ्याच्या खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली, त्याच सुभ्याचा अधिकारी शंभर वर्षांच्या आत त्या आरमाराच्या नाशात सहभागी झाला. दुर्गाडीवर उभे राहून आरमाराचा अभिमान बाळगताना ही बाजूही विसरता येत नाही.

११/१४
बंदर नेमके कधी संपले? एका दिवसात नाही. मोठी जहाजे मुंबईला लागू लागली आणि कल्याणकडे स्थानिक खाडीवाहतूक तेवढी राहिली. १ मे १८५४ रोजी ठाण्याहून रेल्वे कल्याणला आली. पुढे येथूनच तिचे दोन फाटे फुटले. एक बदलापूर, कर्जतमार्गे बोरघाटाकडे गेला आणि दुसरा कसाऱ्यामार्गे थळघाटाकडे. घाट १८६३ आणि १८६५ मध्ये खुले झाले. इंग्रज अभियंत्यांनी कल्याण जंक्शन निवडले, कारण डोंगरांनी दुसरा पर्याय ठेवलाच नव्हता. गलबताच्या जागी गाडी आली. माल उतरवण्याचे ठिकाण मात्र तेच राहिले.

१२/१४
रेल्वेच्या पहिल्या दशकातले कल्याण आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. १८६४ मध्ये येथे सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले. १८६५ मध्ये जन्मलेल्या यमुना जोशी हिचे बालपण याच गावात गेले. टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाल्यावर ती आनंदीबाई झाली आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून वैद्यकीय पदवी घेणारी पहिली मराठी स्त्री ठरली. कल्याणची वाट पुन्हा एकदा समुद्रापलीकडे गेली. या वेळी माल नव्हे, एक विद्यार्थिनी गेली.

१३/१४
आता प्रत्यक्ष फेरी. सकाळी उन्हाआधी अंबरनाथचे मंदिर. तेथून कल्याण. जुने शेणाळे, म्हणजे आजचा काळा तलाव, आणि काठची काळ्या दगडाची मशीद पाहिली की फ्रायरचे वर्णन डोळ्यांपुढे येते. दुपार वाचनालयाच्या सावलीत काढावी. संध्याकाळी दुर्गाडी. तेथे देवीचे मंदिर आहे, ईदगाहची भिंत आहे आणि खाली खाडी आहे. तटबंदी थोडीच उरली आहे, म्हणून अनेकांची निराशा होते. पण येथे पाहायचा तो तट नव्हे, तर जागा. भरतीचे वेळापत्रक पाहून गेल्यास पाणी उलट दिशेने, बदलापूरकडे सरकताना दिसते. या शहराचे कारण ते पाणीच आहे.

१४/१४
आणि तेच पाणी आज संकटात आहे. अंबरनाथच्या मंदिराजवळून वाहणारी वालधुनी सांडपाणी आणि रसायने घेऊन उल्हासच्या खाडीला मिळते. खाडीकाठी भराव पडतात. १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव याच नदीवरून मिळाले, पण तेथील रहिवाशांचा नदीशी संबंध उरला तो पुरापुरता. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली तेव्हा, उल्हासने आपली जुनी रुंदी दाखवून दिली. दोन हजार वर्षांत कल्याणवर अनेक सत्ता आल्या. त्यांनी कर घेतले, कोंडी केली, लूटही केली, मात्र पाण्याची वाट कोणी मोडली नव्हती. ती मोडू द्यायची की नाही, याचा निर्णय आता नदीकाठी राहणाऱ्या बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याणच्या लोकांकडे आहे. सुट्टीतील एक दिवस नदीच्या काठाने काढला, तर निदान कशाविषयी निर्णय घ्यायचा आहे, ते समोर दिसेल.