गळती शून्य!

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा एक रकाना असतो. आपल्याकडे तो दोन-तीन शब्दांत उरकला जातो आणि पुन्हा कुणी वाचतही नाही. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात मात्र १९९०च्या दशकात याच नोंदीवर शाळांची इभ्रत टांगलेली होती. परीक्षेतलं यश आणि हजेरी यांच्या जोडीला शाळेतली गळती मोजायची आणि त्यावरून शाळेची श्रेणी ठरवायची, असा तिथला शिरस्ता होता. मूल पटावरून कमी झालं की कारणाचा एक सांकेतिक क्रमांक टाकायचा. दुसऱ्या शाळेत गेलं, मायदेशी परतलं, बारावीच्या तोडीची जीईडी परीक्षा देणार आहे, अशी कारणं असली की ते गळतीत धरलं जात नसे.

ह्यूस्टन हे या राज्यातलं सर्वांत मोठं शहर. १९९४ साली रॉड पेज तिथल्या शालेय जिल्ह्याचे प्रमुख झाले. मुख्याध्यापकांशी वर्षावर्षाचे करार, उद्दिष्ट गाठलं तर रोख बोनस, असा त्यांचा धंदेवाईक खाक्या. कागदावर गळती दीड टक्क्यावर आली आणि 'टेक्सासचा चमत्कार' देशभर गाजला. जॉर्ज बुश अध्यक्ष झाल्यावर २००१ मध्ये पेज थेट देशाचे शिक्षणमंत्री झाले. पुढच्याच वर्षी जानेवारीत 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही झाली. एकही मूल मागे राहू नये, असा त्या नावाचा अर्थ. त्याच वर्षी ह्यूस्टनला शहरी शालेय जिल्ह्यांसाठीचं पहिलं ब्रॉड पारितोषिकही मिळालं.

शहराच्या नैर्ऋत्येला शार्पस्टाउन हायस्कूल आहे. २००१-०२ या वर्षी तिथल्या साधारण १,७०० मुलांपैकी ४६३ जणांनी शाळा सोडली. नोंदलेली गळती किती? शून्य.

उपमुख्याध्यापक रॉबर्ट किंबल यांना हे गणित पचेना. नववीत हजारभर मुलं आणि बारावीत तीनशेही नाहीत, तरी एकाचीही गळती नाही, हे नवलच म्हणायचं, असा खोचक मजकूर त्यांनी मुख्याध्यापकांना लिहून पाठवला. २००३च्या सुरुवातीला स्थानिक दूरचित्रवाणीने प्रकरण बाहेर काढलं आणि राज्याचे तपासनीस आले. त्यांनी १६ शाळांतल्या सुमारे ५,५०० मुलांच्या नोंदी उलगडल्या. त्यातली जवळजवळ ३,००० मुलं गळतीत धरायला हवी होती, पण धरलेली नव्हती. १६पैकी १४ शाळांची श्रेणी सर्वांत वरून सर्वांत खाली आणावी, अशी शिफारस झाली.

सगळा दोष कारकुनांवर ढकलणं सोपं आहे. पण गेलेल्या मुलाची चौकशी केली तर शाळेची श्रेणी घसरणार आणि न केली तर बोनस मिळणार, अशी व्यवस्था असली की चौकशी कोण करील?

शिवाय ही फसगत पकडायला गुप्तहेर लागत नाही. सॅन अँटोनियोमधली आयडीआरए ही संशोधन संस्था १९८६पासून नववीचा पट आणि बारावीचा पट शेजारी ठेवून दाखवत होती. ही रीत तिच्याही आधीची. १९२९ साली हिंदुस्थानातल्या हार्टोग समितीने हेच केलं होतं. १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत अवघी १८ होती. मधल्या वाटेवर अडकलेली आणि निसटलेली, असे दोन गट समितीने पाडले. आपल्या शिक्षणखात्यातले 'गळती' आणि 'स्थगिती' हे शब्द त्या चर्चेतूनच रुळले.

ह्यूस्टनला हसण्यापूर्वी आपल्या दहावीच्या निकालाकडेही पाहायला हवं. शाळेच्या दारावर 'निकाल १०० टक्के' असा फलक लागतो, तेव्हा छेदात परीक्षेला बसलेलीच मुलं असतात. नववीत नापास झालेला, १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेला किंवा घरीच राहिलेला त्या भागाकारात येत नाही.

अमेरिकेने २००८च्या ऑक्टोबरात छेदच बदलला. नववीत पहिल्यांदा आलेलं प्रत्येक मूल मोजायचं, चार वर्षांत किती जणांनी नियमित पदविका घेतली ते पाहायचं. मूल दुसरीकडे गेलं असं म्हणायचं तर लेखी पुरावा हवा आणि जीईडी दिलेलं मूल पदविकाधारकांत धरायचं नाही. २०१०-११ मध्ये ही पद्धत लागू झाल्यावर देशाचं प्रमाण निघालं ७९ टक्के. हा नियम आणणाऱ्या तेव्हाच्या शिक्षणमंत्री मार्गारेट स्पेलिंग्ज ह्यूस्टनमध्येच वाढलेल्या. १९७५ साली त्या शार्पस्टाउन हायस्कूलमधूनच उत्तीर्ण झाल्या होत्या.