आपल्यांत वाढून परक्यांचा नायक

मंडळी, राजारामपुरीत बसून आपण नेतृत्वाचा विचार करतोय, तर कोल्हापूरचाच माणूस घेऊ. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात, जन्म १९०६, गाव वडगाव.

त्या काळी शाहू महाराज इथं बोर्डिंगं उभारत होते. १८९६ चं सर्व जातींचं एकत्र वसतिगृह साधलं नाही, म्हणून १९०१ पासून जातवार. थोरात तिथलेच असं आम्ही म्हणत नाही; पण हवा तीच. एका पंगतीला जेवायचं, धाकट्याला सांभाळायचं.

आता प्रश्न असा, की आपल्यांत वाढलेला पोरगा परक्यांचा नायक कसा होतो?

जानेवारी १९४५, ब्रह्मदेशातलं कांगाव. थोरातांच्या हाताखाली पंजाब रेजिमेंटची पलटण. शीख, मुसलमान, डोगरा. शेजारच्या दोन पलटणी थिमय्या आणि एल. पी. सेन यांच्याकडे. तिघांनाही डी.एस.ओ. मिळालं. १९५३ मध्ये कोरियात तर थोरातांनी परक्या देशांचे युद्धकैदी सांभाळले.

समूह जबाबदारी शिकवतो, हे खरं. पण 'आपला कोण' हेही तोच ठरवून देतो. अधिकारी घडतो तो ही यादी वाढवत. म्हणून पोराला एनडीएत धाडताना मार्कांइतकंच हेही बघावं, की पंगतीत अनोळखी मुलगा बसला, तर आपला पोरगा सरकून जागा देतो का?