मूत्राघात : एका शब्दाची कुळकथा

साकोली तालुक्यात धानाची निंदणी उरकत आली असता आमच्या एका आप्तास तापाने गाठले, जंतुदोष रक्तात पसरला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरातील वृद्ध आत्याबाई म्हणाल्या, ‘‘याची लघवी कोंडली.’’ दवाखान्याच्या कागदावर मात्र ‘अक्यूट किडनी इंज्युरी’ अशी नोंद झाली. आणि त्या ‘इंज्युरी’पाशी माझी दृष्टी खिळली, कारण सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील ५८वा अध्याय ज्या व्याधीचा आहे, तिचे नावच ‘मूत्राघात’.

इंग्रजी नावाचा इतिहास अल्प आहे. होमर स्मिथ यांच्या १९५१च्या ग्रंथाने ‘अक्यूट रीनल फेल्युअर’ रूढ केले; २००४ ते २००७ या काळात तज्ज्ञांनी, मूत्रपिंड निकामी होईतो थांबणारे ते नाव टाकून, ‘इंज्युरी’ पत्करले. ही उसनवारी नव्हे. एकच अनर्थ पाहून दोन युगांना स्वतंत्रपणे सुचलेला हा शब्द आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिपक्ष दुबळा नाही. माधवनिदानाचे टीकाकार विजयरक्षित मूत्रकृच्छ्र आणि मूत्राघात यांची फारकत करताना, पहिल्यात कष्ट अधिक आणि दुसऱ्यात विबंध अधिक, असा निवाडा देतात. तेव्हा ‘आघात’ म्हणजे निव्वळ अवरोध, आत्याबाईंचे ‘कोंडणे’च, असे म्हणणाऱ्यांच्या हाती भक्कम दस्तऐवज आहे. शिवाय, पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेला कोरा घट बाजूंनी झिरपून भरावा तसे मूत्र बस्तीत, म्हणजे मूत्राशयात, उतरते, अशी सुश्रुताची कल्पना. वृक्कांकडे, म्हणजे मूत्रपिंडांकडे, त्याने हे काम सोपविलेलेच नाही. एवढी उणीव मान्य करूनही मी विचारतो, सुश्रुताच्या बारा मूत्राघातांत ‘मूत्रक्षय’ कसा आला? रूक्ष, क्लांत देहात जे मूत्र मुळातच क्षीण झाले, ते कोंडणार कोठून? आणि ज्याला ‘पक्षवध’ असाही पर्याय आहे त्या पक्षाघातात ‘आघात’ म्हणजे घाव, हे जर सर्वांस मान्य आहे, तर मूत्राघातातच त्याचा अर्थ अडसर का व्हावा?

आमच्या जिल्ह्यात कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची उपमा येथे उपयोगी पडते. तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, बंद राहिले, तर तो अवरोध. तलाव आटला, तर ती रक्ताची तूट. परंतु जंतुदोषात कित्येकदा तलाव भरलेला, तुडूम उघडे, आणि तरीही धानाच्या बांध्या कोरड्या, कारण शेवटचे बारीक पाटच बिघडलेले असतात. मूत्रपिंडाकडे पुरेसे रक्त जात असूनही सूक्ष्म केशवाहिन्यांतील प्रवाह विस्कटतो आणि दाहाने पोळलेल्या नलिकांच्या पेशी आपले काम आवरते घेतात. धानाच्या हंगामात पूर्व विदर्भात आढळणारा स्क्रब टायफस हाही असाच घाव घालू शकतो.

हा वाद केवळ पंडिती नव्हे. ‘कोंडली’ म्हटले की घरचे लोक ती मोकळी होण्याची वाट पाहतात. ‘आघात’ म्हटले की घड्याळ पाहतात. ‘किडनी इंज्युरी’च्या २०१२च्या निकषांनुसार पन्नास किलो वजनाच्या माणसास सलग सहा तास ताशी २५ मिलिलिटरहून कमी लघवी होणे, एवढ्यानेच इजा सिद्ध होते. आत्याबाईंना हा हिशेब ठाऊक नव्हता. पण रात्रभर कोरडे राहिलेले भांडे पाहून त्यांनी पहाटेच गाडीसाठी तगादा लावला नसता, तर त्या कागदावर कोणती नोंद झाली असती, या विचाराने मी आजही अस्वस्थ होतो.