वीस वर्षे अडलेले विमान

रेडिओ-नियंत्रणावर उडणारी मोठी मॉडेल विमाने बांधणाऱ्या हौशी मंडळींच्या माळ्यावर अर्धवट राहिलेला एखादा सांगाडा बहुधा असतोच. इंजिन कमी पडते, बांधणी नाजूक निघते, जोडीदार गाव सोडून जातो आणि काम थांबते. इंग्लंडमधल्या चार्ड या गावी ही तिन्ही कारणे एकत्र आली आणि एक काम वीस वर्षे अडून राहिले. त्या काळी रेडिओ तर नव्हताच, पण इंजिनाच्या बळावर माणसाला घेऊन उडणारे विमानही कोणी पाहिले नव्हते.

चार्ड हे लेस विणणाऱ्या गिरण्यांचे गाव. जॉन स्ट्रिंगफेलो (१७९९–१८८३) हा त्या यंत्रांचे बारीक भाग बनवणारा कारागीर. त्याचा मित्र विल्यम हेन्सन याने १८४२ साली वाफेवर चालणाऱ्या प्रवासी विमानाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पंखांचा विस्तार १५० फूट, वजन सुमारे ३००० पौंड, इंजिन २५ ते ३० अश्वशक्तीचे. कंपनीची घोषणा झाली, विमान पिरॅमिडांवरून जात असल्याची चित्रे छापली गेली. विमान तेवढे नव्हते. एक लहान मॉडेल लंडनमध्ये फसल्यावर दोघांनी २० फूट पंखांचे मॉडेल हाती घेतले.

१८४७ साली ते जवळच्या माळावर नेले. बघ्यांची गर्दी नको म्हणून रात्री चाचणी घेतली, तर दवाने पंखांचे रेशीम भिजून जड झाले. मग दिवसा प्रयत्न झाले. उतरत्या मार्गावरून सोडलेले मॉडेल दर वेळी हळूहळू खाली येऊन जमिनीला टेकायचे. हेन्सनने नाद सोडला आणि थोड्याच काळात तो अमेरिकेला निघून गेला.

वर्गात इथे थांबून एक गणित घालता येईल. नियोजित विमान मॉडेलच्या साडेसात पट मोठे. लांबी साडेसात पट झाली की पंखांचे क्षेत्रफळ ७.५ × ७.५, म्हणजे सुमारे ५६ पट होते. घनफळ, आणि म्हणून वजन, मात्र ७.५ × ७.५ × ७.५, म्हणजे सुमारे ४२२ पट. मॉडेल २५ पौंडांच्या आसपास होते. त्याच बांधणीचे मोठे विमान दहा हजार पौंडांच्या वर गेले असते आणि हेन्सनने धरले होते ३०००! आता उलट करून पाहा. ३००० ला ४२२ ने भागले तर मॉडेल जेमतेम सात पौंडांचे हवे. इंजिन, बॉयलर, पाणी, इंधन आणि वीस फुटी पंख सात पौंडांत कसे बसवणार? (सगळे भाग एकाच प्रमाणात वाढत नाहीत हे खरे, पण अंदाजापुरते हे गणित चालते.) म्हणजे मॉडेलने आपले काम चोख केले होते. हे विमान होणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले होते.

स्ट्रिंगफेलोने १८४८ साली एकट्याने १० फुटी मॉडेल बांधले. पाणी-इंधनासह वजन सुमारे नऊ पौंड. आकार निम्मा केल्यावर पंख ताठ राहणे सोपे जाते. त्याची पुढची कड त्याने पक्क्या दांडीची केली आणि मागची लवचीक ठेवली. लेसच्या एका रिकाम्या गिरणीतील लांब खोलीत तार ताणून तिच्यावरून मॉडेल सोडले. तारेवरून सुटल्यावर ते वर चढत समोरच्या कापडी पडद्यावर आदळले, असे सांगतात. पण ती खोली जेमतेम २२ यार्डांची, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीएवढी. मॉडेल इंजिनाच्या बळावर उडाले, की तारेवर मिळालेल्या वेगावर तरंगले? इतिहासकारांत यावर एकमत नाही. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. शिवाय एकदा सुटलेल्या मॉडेलला सावरायला कोणी नव्हते. आज एक बाजू कलली तर खाली उभा माणूस ट्रान्समीटरची दांडी हलवतो. त्या काळी तोल मॉडेलने स्वतःच राखायला हवा होता आणि तो कसा राखायचा हे स्ट्रिंगफेलोला उमगले नव्हते. आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने रबराच्या पिळावर उडणारे, आपोआप तोल सांभाळणारे चिमुकले मॉडेल दाखवले ते १८७१ साली.

यानंतर काम जवळजवळ थांबले. १८६६ साली इंग्लंडमध्ये एरोनॉटिकल सोसायटी स्थापन झाली आणि फ्रान्सिस वेनहॅमने तिच्यापुढे एकावर एक पंख रचण्याची कल्पना मांडली. गंमत अशी, की हेन्सनचा लांबलचक पंख टिकणार नाही, तो तीन मजल्यांत विभागा, असा सल्ला जॉर्ज केलीने १८४३ सालीच छापून दिला होता. तो अमलात यायला पाव शतक गेले. १८६८ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनासाठी स्ट्रिंगफेलोने पुन्हा हत्यारे हाती घेतली. वय ६८. या खेपेचे मॉडेल तीन मजली पंखांचे होते. ते तारेला टांगूनच चालवले गेले. मोकळे उडाल्याचा खात्रीचा पुरावा नाही. पण बॉयलरसह अवघ्या १३ पौंडांच्या आणि एका अश्वशक्तीहून किंचित अधिक ताकदीच्या त्याच्या इंजिनाला १०० पौंडांचे बक्षीस मिळाले. त्या पैशातून त्याने प्रयोगांसाठी ७० फूट लांबीची इमारत बांधली.

१८८३ साली तो वारला. १८८९ साली सॅम्युएल लँग्लीने त्याचे इंजिन आणि तीन मजली मॉडेलचा सांगाडा वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी मिळवला. लँग्लीचे स्वतःचे वाफेवरचे मॉडेल ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. वजन सुमारे २५ पौंड, म्हणजे दवात भिजलेल्या त्या वीस फुटी मॉडेलच्या जवळपास तेवढेच.