हेडिंगची गोष्ट: बोल्ड केलं की झालं?

आजची गोष्ट सुरू होते माझ्या कॉलेजातल्या एका रात्री. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, ऐंशी पानं, सकाळी सबमिशन. अनुक्रमणिका मी हाताने टाइप केली होती. प्रकरणाचं नाव, मग टिंबं टिंबं टिंबं, मग पान नंबर. रात्री एक वाजता दुसऱ्या प्रकरणात एक फोटो टाकला आणि पुढचं सगळं एक पान सरकलं. पहाटेपर्यंत आकडे बदलत बसलो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे भोगलंय, हो ना?

चूक कुठे झाली? प्रत्येक प्रकरणाचं नाव सिलेक्ट करून मी बोल्ड केलं होतं, साइज 16. वाचणाऱ्याला तो मथळा दिसत होता. कॉम्प्युटरच्या लेखी ती फक्त जाड अक्षरं होती. मग तो अनुक्रमणिका बनवणार कशी?

हा प्रश्न खूप जुना आहे. 9 डिसेंबर 1968, सॅन फ्रान्सिस्को. डग्लस एंगेलबार्ट नावाचा इंजिनिअर सुमारे हजार कॉम्प्युटरवाल्यांसमोर दीड तासाचं प्रात्यक्षिक देतो. त्यातला माउस सगळ्यांना आठवतो. पण त्याच दिवशी त्याने पडद्यावर चक्क बाजारहाटाची यादी केली, वस्तूंचे गट पाडले, मग आतल्या वस्तू लपवून फक्त गटांची नावं ठेवली आणि पुन्हा उघडून दाखवल्या. मजकुराला सांगाडा असतो आणि तो कॉम्प्युटरला कळू शकतो, हे त्याने असं दाखवलं.

पुढच्याच वर्षी आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघे वेगळ्याच अडचणीत होते. वकिलांच्या ऑफिसातली कागदपत्रं साठवणारा प्रोग्रॅम वेगळा, छापणारा वेगळा, आणि एकाच्या खुणा दुसऱ्याला कळेनात. त्यांचा तोडगा असा: ‘हे जाड छाप’ असं लिहूच नका, ‘हा मथळा आहे’ एवढं सांगा. तो कसा दिसेल ते नंतर ठरवू. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेऊन या पद्धतीचं नाव पडलं जीएमएल. वेबपेजेस ज्यात लिहितात ती एचटीएमएल याच घराण्यातली.

1980 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन रीडने ‘स्क्राइब’ या आपल्या प्रोग्रॅमवर पीएचडी केली. लेखकाने फक्त ‘इथे प्रकरण सुरू’ म्हणायचं. नंबर, अनुक्रमणिका, सगळं स्क्राइब बघणार.

आता गंमत बघा. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात 1974 मध्ये बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ केला. पडद्यावर जसं दिसेल तसंच कागदावर छापून येणार! सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेला आणि 1983 मध्ये वर्ड आलं. स्टाइल्सची सोय त्यात पहिल्यापासून होती. म्हणजे औषध घरातच होतं. पण पडद्यावर लगेच दिसणारं रूप इतकं मोहक, की आपण सगळे बोल्डच्या बटणावरच अडकलो. आतला सांगाडा कोण बघतो?

एक माणूस बघतो. म्हणजे ऐकतो. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर वापरतो, तेव्हा तो एका हेडिंगवरून पुढच्या हेडिंगवर उडी मारत हवं ते प्रकरण गाठतो. डोळस माणूस जाड अक्षरं शोधत पानं चाळू शकतो. याच्यासाठी मात्र माझा तो प्रोजेक्ट म्हणजे दारं नसलेली ऐंशी पानांची भिंत होती. अनुक्रमणिकेपायी माझी एक रात्र गेली, पण त्याला दर वेळी पहिल्या पानापासून ऐकत यावं लागलं असतं. हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून आज एक करा. फोनवर गूगल डॉक्स उघडा, प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवा, वरच्या ‘ए’वर टॅप करा आणि स्टाइलमध्ये जाऊन ‘हेडिंग 1’ निवडा. पोटमथळ्याला ‘हेडिंग 2’. दहा सेकंदांचं काम आहे. मग फोटो कितीही टाका, अनुक्रमणिका एका क्लिकवर अपडेट होते.

सबमिशनच्या आदल्या रात्री निवांत झोपा. भेटू पुढच्या भागात!