स्वमग्नता, अतिचंचलता आणि आहार

स्वमग्नता, अवधानन्यूनता-अतिचंचलता (एडीएचडी), अध्ययन अक्षमता अशी मेंदूची वेगळी घडण असलेल्या, म्हणजे न्यूरोडायव्हर्जंट, मुलांच्या आणि प्रौढांच्या मनःस्थितीवर, झोपेवर व वागण्यावर खाण्यापिण्याचा होणारा परिणाम. आहाराने स्वमग्नता बरी होत नाही. मात्र रक्तातले लोह किंवा ब१२ जीवनसत्त्व कमी असणे, बद्धकोष्ठ, अपुरी झोप यांमुळे चिडचिड व अस्वस्थता वाढते, आणि ही कारणे शोधून दूर करता येतात.

व्याप्ती : २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी भारतातील पाच ठिकाणी झाली, त्यांत उत्तर गोवा होता. श्रवणदोष, अपस्मार वगैरे धरून किमान एक मज्जाविकासात्मक अडचण असलेल्या मुलांचे प्रमाण २ ते ६ वर्षे वयोगटात ९.२ टक्के, तर ६ ते ९ वर्षे वयोगटात १३.६ टक्के आढळले.

निवडक खाणे : बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्नतेचे वर्णन केले, त्यात ११ मुले होती. त्यांपैकी अनेकांच्या खाण्याच्या तक्रारी त्यांनी तेव्हाच नोंदवल्या. असे निवडक खाणे हा हट्ट किंवा लाड नव्हे. जिभेला लागणारा पोत, वास, रंग, तापमान या मुलांना फार तीव्रतेने जाणवतात. अमेरिकेतील २०१० च्या एका अभ्यासात समोर ठेवलेल्या पदार्थांपैकी सुमारे ४२ टक्के पदार्थ स्वमग्न मुलांनी नाकारले. इतर मुलांत हे प्रमाण १९ टक्के होते. निवड फारच आक्रसली तर स्कर्व्हीसारखे विस्मृतीत गेलेले आजारही उद्भवतात, आणि त्यामुळे पाय दुखून चालणे सोडलेल्या मुलाचे निदान लांबते.

सोलापूरचे ताट : पुष्कळ स्वमग्न मुलांना कोरडे, कुरकुरीत आणि दरवेळी तंतोतंत तसेच लागणारे पदार्थ चालतात. बिस्किटाचा पुडा त्यामुळेच जिंकतो. भवानी पेठेसारख्या सोलापूरच्या जुन्या पेठांतील घरांत याच गुणांचा एक पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो म्हणजे ज्वारीची कडक भाकरी. ती पातळ, खुटखुटीत असते, आठवडे टिकते आणि मोडली की आवाज करते. तिच्यासोबतची शेंगा चटणी कोरडी असते. शेंगदाण्यांतून प्रथिने, मॅग्नेशियम आणि स्निग्धांश मिळतात. तिखट सोसत नसेल तर मिरची वगळून चटणी करता येते. मुलाने आधीच पत्करलेल्या पदार्थापासून थोडे थोडे पुढे सरकणे ही आहारोपचाराची मान्य रीत आहे : बिस्किट, मग त्याच आकाराचा भाकरीचा तुकडा, मग त्यावर चिमूटभर चटणी, मग चमचाभर दही. प्रत्येक पायरीला काही आठवडे लागू शकतात. जबरदस्तीने भरवल्यास मुलाने पत्करलेला पदार्थही सुटतो.

ज्वारीत ग्लूटेन (गव्हातील प्रथिन) नसते. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. ज्यांना ग्लूटेन खरोखरच वर्ज्य करावे लागते, त्यांना इथे महागडी परदेशी पिठे आणण्याची गरज नाही.

लोह : या विषयातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत सहज तपासता येणारी बाब. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकराला लोह लागते. लोह कमी पडले की लक्ष विचलित होते, पायांत वळवळ सुटते, मूल रात्रभर कुशी बदलत राहते आणि सकाळी चिडचिडे उठते. फ्रान्समधील २००४ च्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या ५३ मुलांपैकी ८४ टक्के मुलांत फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) कमी होते, इतर मुलांत १८ टक्के. कॅनडात २००७ मध्ये स्वमग्न मुलांना आठ आठवडे लोह दिल्यावर अस्वस्थ झोपेत स्पष्ट सुधारणा दिसली. दोन्ही अभ्यास लहान आहेत. पण महाराष्ट्रात ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (२०१९–२१) आकड्यांत आहे. अशा राज्यात न झोपणाऱ्या मुलाचे फेरिटिन तपासायलाच हवे. हिमोग्लोबिन ठीक असतानाही फेरिटिन कमी असू शकते.

ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ४ मिलिग्रॅम, बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असते. मात्र धान्यातील फायटेटमुळे त्यातले थोडेच अंगी लागते. जेवणात लिंबू, पेरू, आवळा असला तर शोषण वाढते आणि जेवणालगत घेतलेल्या चहाने ते घटते. लोहाच्या गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच द्याव्यात, कारण लहान मुलांना त्यांची मात्रा जास्त झाल्यास विषबाधा होते.

ब१२ : पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू झाला. ६० टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रियांत ब१२ कमी होते. पुढे नऊ वर्षांच्या मुलांची चाचणी घेतली, तेव्हा अत्यंत कमी ब१२ असलेल्या मातांची मुले एकाग्रतेच्या व अल्पकालीन स्मृतीच्या कसोट्यांत मागे पडली. हा अभ्यास स्वमग्नतेचा नाही. तरी शाकाहारी घरांनी दूध, दही, ताक यांकडे आणि गरजेनुसार पूरक गोळीकडे गांभीर्याने पाहावे, एवढे त्यातून नक्की निघते.

वर्ज्य आहार : गहू व दूध बंद केल्यास स्वमग्नता सुधारते, हा दावा जुना आहे. २००८ च्या कॉक्रेन आढाव्याला त्यासाठीचा पुरावा तोकडा वाटला. २०१६ मध्ये १४ मुलांवर झालेल्या दुहेरी-अंध प्रयोगात वागणे, झोप, शौच यांत फरक आढळला नाही. काही पालक फरक सांगतात. सीलिॲक आजार किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला असा पदार्थ वर्ज्य केल्याने आराम पडतो हे खरे. परंतु सीलिॲकची तपासणी गहू बंद करण्याआधीच व्हायला हवी; नंतर ती फसवी येते. आधीच पाच-सहा पदार्थांवर जगणाऱ्या मुलाचे दूध तोडले की प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही जातात.

आतड्यातील जिवाणूंविषयी : २०२१ चा ऑस्ट्रेलियन अभ्यास २४७ मुलांचा होता. निवडक खाण्यामुळे जिवाणूंचे वैविध्य घटते, असा त्याचा कल आहे. उलट दिशेला, म्हणजे जिवाणूंमुळे स्वमग्नता येते या कल्पनेला, आधार मिळाला नाही.

कृत्रिम रंग : २००७ च्या साउथॅम्प्टन अभ्यासात रंग व सोडियम बेन्झोएटच्या मिश्रणाने सर्वसाधारण मुलांतही चंचलता किंचित वाढली. २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांवर इशारा छापावा लागतो. त्यांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पोन्सो ४आर भारतात मर्यादित प्रमाणात मान्य आहेत. शाळेबाहेरचे रंगीत पेप्सीकोले आणि गोळ्या टाळण्यात कुणाचेच पोषण बुडत नाही.

झोप : दूध, डाळी, शेंगदाणे यांतील ट्रिप्टोफॅनपासून शरीरात सेरोटोनिन आणि पुढे मेलॅटोनिन बनते, पण म्हणून पेलाभर दुधाने झोप लागेलच असे नाही. एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. मुलांचा संध्याकाळचा चहा बंद करणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय. सोलापुरातल्या यंत्रमागाच्या बारा तासांच्या पाळ्या असलेल्या घरांत जेवणाची वेळ रोज बदलते. मुलाचे ताट तरी ठरलेल्या वेळी मांडावे.

औषधे : एडीएचडीवरील मेथिलफेनिडेटने भूक मंदावते, तीव्र चिडचिडीवरील रिस्पेरिडोनने वजन वाढते.

प्रौढ : न्यूझीलंडमध्ये २०१४ मध्ये एडीएचडीच्या ८० प्रौढांवर सूक्ष्मपोषकांचा प्रयोग झाला; परिणाम संमिश्र.

तपासणी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत (२०१३) १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व सरकारी शाळेत मोफत तपासणी होते, त्यात विकासातील विलंबही धरला जातो. पालकांनी मुलाच्या ताटातून कोणताही पदार्थ काढण्यापूर्वी त्याचे वजन, फेरिटिन, ब१२ आणि शौचाची तक्रार डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.